अकराव्याची धाव

३ जून

तीर्थरूप मामा आणि मामी,

नमस्कार. फोनवर हे विचारता आलं असतं, पण फोनवर मामा ओरडतात, मला रडू येतं आणि विचारायचं तेवढं राहून जातं. मामी, पत्र सावकाश वाचून दाखवा. जोडाक्षर अडलं तर फोडून वाचा, मी शिकवलं होतं तसं.

मला इथे कायम करणार आहेत. कागद अजून हातात आलेला नाही, म्हणून कुणाला सांगू नका. माझं टेबल जिन्याखाली आहे. वरून कुणी धावत गेलं की माझ्या कागदांवर चुना पडतो. तो झटकायला मी एक जुना रंगाचा ब्रश आणून ठेवला आहे. काम सोपं आहे, म्हणजे चुकलं नाही तर सोपं. छपाईला जाणाऱ्या पानांवरचे आकडे मी जुन्या स्कोअरबुकांशी ताडून बघते आणि खाली सही करते. माझ्या सहीशिवाय पान पुढे जात नाही.

आता एक नवं पुस्तक येतंय. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधले आजवरचे सगळ्यांत वाईट तळाचे फलंदाज, एकूण अकरा. पुस्तकाचं नाव 'शेपटाचं शेपूट'. संपादक एकेकाचे आकडे मोठ्याने वाचतात आणि हसता हसता त्यांचा चष्मा घसरतो.

मामा, त्यात तुम्ही आहात. दुसऱ्या क्रमांकावर. सात कसोटी, अकरा डाव, पाच वेळा नाबाद, धावा एक. पहिल्या क्रमांकावर एक डावखुरा फिरकीवाला आहे. त्याचीही धाव एकच, पण तो आठ वेळा बाद झाला आणि तुम्ही सहा वेळा, म्हणून तुम्ही त्याच्या खाली. मी तुमची भाची आहे हे इथे कुणाला माहीत नाही. सांगायला हवं होतं का? लपवलं असं नाही, कुणी विचारलं नाही. पण न विचारता सांगायचं असतं का, हे मला कळत नाही.

तुम्हाला वाईट वाटलं का ते खरं सांगा. आणि त्या एका धावेबद्दल चार ओळी सांगा. पुस्तकात चौकट करायची आहे.

तुमची भाची


११ जून

पोरी,

तुझी मामी लिहून घेतेय. मी बोलतोय त्यातलं निम्मं ती खाणार, बाकीच्यावर समाधान मान.

वाईट कशाला वाटेल? लोहाराला घरी बोलावून कुणी म्हणतं का, आता गाऊन दाखव? मला संघात घेतलं बॉलिंगला. चोवीस विकेट्स काढल्या. त्या तुझ्या संपादकाच्या पुस्तकात आहेत का? नसतील. अकरावा म्हणजे ज्याला बॅट धरायला लावतात कारण बारावा पाठवता येत नाही. पुस्तकात खुशाल घाल म्हणावं, पण हसताना त्याने एकदा माझ्यासमोर पॅड बांधून उभं राहावं. आज माझी साठी उलटली आहे, तरी त्याच्या बरगड्या मोजून दाखवीन.

आता धाव. शेवटचा दिवस. आमचे नऊ बाद, सामना वाचवायला सव्वा तास काढायचा, आणि आत कोण जातंय? मी. समोर मास्तर होता. शाळेत गणित शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तरच म्हणायचे. तो म्हणाला, "तू फक्त उभा राहा." मी म्हटलं, "बसायला खुर्ची देतात का?" त्यांचा तो ताडमाड बॉलर धावत आला, मी पाय पुढे टाकला आणि चेंडू बॅटच्या मधोमध घेऊन ढकलला. मास्तर ओरडला, "पळ!" मी पळालो. सगळं मैदान उभं राहिलं. दिवस संपला तेव्हा मी नाबाद एक आणि सामना अनिर्णित.

(बॅटचा मधोमध गेल्या वर्षीपासून आलाय. त्याआधी कड लागली होती. — मामी)

तेव्हापासून इथे सगळे मला एक्का म्हणतात. आजही रोज सकाळी मैदानावर रोलर फिरवतो तेव्हा पोरं लांबून हाक मारतात, "एक्का, पीच कसं आहे?" पुढच्या महिन्यात क्लब माझा सत्कार करणार आहे, त्या डावाला तीस वर्षं झाली म्हणून. मास्तरही येणार आहे. चौकट चांगली मोठी कर.

आणि तू माझी भाची आहेस हे लगेच सांगून टाक. नोकरी गेली तर इथे रोलरला दुसरा माणूस हवाच आहे.

तुझा मामा


१९ जून

तीर्थरूप मामा,

हे पत्र मी तीन वेळा फाडलं.

मी भाची आहे हे संपादकांना सांगितलं. ते म्हणाले, "अरे वा, मग घरचा किस्सा मिळेल." म्हणजे ते झालं. पण दुसरंच काही निघालं आहे.

तुमच्या त्या सामन्यातल्या पाहुण्या संघाचा स्कोअरर वारला. त्याच्या मुलीने त्याच्या सगळ्या वह्या कापडी पिशवीत भरून आमच्याकडे पाठवल्या. मी सवयीने दोन्ही वह्या शेजारी ठेवून ताडल्या. एकूण धावा दोन्हीकडे सारख्याच, म्हणून तीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. पण आपल्या स्कोअररच्या वहीत लेगबाय तेरा आहेत आणि त्यांच्या वहीत चौदा. आणि आपल्या वहीत तुमच्यासमोर एक धाव आहे, त्यांच्या वहीत शून्य.

मामी, मामांना हे नीट समजावून सांगा. दोन संघांचे दोन स्कोअरर एकाच टेबलावर बसतात. चेंडू पॅडला लागून धाव निघाली की ती लेगबाय, ती संघाला मिळते, फलंदाजाच्या नावावर लागत नाही. तेव्हा पंच गुडघ्याला हात लावून दाखवतात, आणि स्कोअररने हात वर करून 'बघितलं' असं सांगायचं असतं. त्या वेळी हात एकानेच वर केला असणार. आपला स्कोअरर बहुधा खुर्चीवर चढून नाचत होता. त्याच्या वहीत त्या षटकावर चहा सांडल्याचा डागही आहे. संध्याकाळी दोघांनी वह्या जुळवल्या तेव्हा फरक सापडला. पाहुण्याने समासात पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे, अक्षर अगदी बारीक: 'लेगबाय. मी पाहिलं. यजमान एक धाव म्हणतो. आग्रह धरला नाही. असू दे बिचाऱ्याला एक.'

ती धाव वगळली तर मामा, तुमच्या नावावर काहीच राहत नाही. सात कसोटींत शून्य. मग तुम्ही पहिल्या क्रमांकावर जाता, आणि आजवर कुणीच नव्हतं इतके खाली.

मला एकच सांगा. चेंडू बॅटला लागला होता की पॅडला? तुम्ही होतात, मी नव्हते. तुम्ही 'बॅटला' म्हणालात तर मी छापलेला आकडा तसाच ठेवीन आणि सही करीन. पेन्सिलीच्या एका ओळीपेक्षा तुमचा शब्द मी मोठा मानते. पण तो तुमचा हवा.

तुमची भाची


२५ जून

पोरी,

हे पत्र माझं आहे. ते मैदानावर गेलेत.

तुझं पत्र मी त्यांना सगळं वाचून दाखवलं नाही. तू बरी आहेस, टेबलावर चुना पडतो, संपादक घरचा किस्सा मागतोय, एवढंच वाचलं. चुना मागच्या पत्रातला होता, पण त्यांना आठवलं नाही.

तू शिकलीस, तुला दोन वह्या शेजारी ठेवता येतात. चांगलं आहे. पण तू कधी त्यांना सकाळी घरातून निघताना बघितलंयस का? गुडघे दुखतात, जिना उतरताना कठड्याला धरतात. पण रस्त्यावर कुणी "एक्का" म्हटलं की कठड्यावरचा हात सुटतो. दगडाच्या खाणीत वाढलेला माणूस. त्यांना वाचता येत नाही, गाडी चालवता येत नाही, घरात खिळा ठोकायला सांगितलं तर भिंतच पाडतात. त्यांच्याकडे ती एक धाव आहे. सत्काराची पत्रकंसुद्धा छापून झाली.

चोवीस विकेट्स कुणाला आठवतात? धाव सगळ्यांना आठवते.

मी त्यांच्या वतीने लिहितेय: बॅटला लागला. कर सही आणि विसर.

तुझी मामी


१ जुलै

मामी,

तुमचं पत्र मिळालं. 'बॅटला' हा शब्द तुम्ही अगदी चांगल्या अक्षरात लिहिलाय. मी शिकवलेलं सगळं त्या एका शब्दात उतरलंय, आणि नेमका तोच मला वापरता येत नाही.

मी पान समोर घेतलं. पेनाचं टोपण उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. समोरचा टंकलेखक म्हणाला, "त्या टोपणाचं लग्न लावताय का?" सही झाली नाही. मला खरं काय ते माहीत असतं तर कदाचित खोटी सहीसुद्धा केली असती. माहीत नसताना करता येत नाही. हे मला नीट सांगता येत नाहीये.

एक वाट आहे. मी संपादकांना सांगते की दोन वह्या जुळत नाहीत, म्हणून हा खेळाडू यादीतून गाळू. त्यांच्या जागी दुसरा कुणी घेऊ. मग धावही राहील आणि शून्यही छापलं जाणार नाही. मामांना काही सांगायला नको.

हे बरोबर आहे का? तुम्ही हो म्हणालात तर सोमवारी सांगते.

तुमची भाची


९ जुलै

पोरी,

तुझी मामी लिहितेय आणि रडतेय. रडू दे. लिहायला चुकली तर समजून घे.

ती वाचते तेव्हा ओळीखाली बोट फिरवते, हे तूच शिकवलंस ना? तुझं मागचं पत्र आलं तेव्हा बोट पाऊण पान फिरलं आणि तोंडातून बाहेर आलं, "ती बरी आहे." त्याच्या आधीच्या वेळी बोट दोन पानं फिरलं होतं आणि बाहेर आला चुना. मला वाचता येत नाही. पण मी बॉलर आहे. समोरच्याचा हात काय करतो ते बघूनच आयुष्य काढलंय. मी म्हटलं, "दोन्ही पत्रं पहिल्यापासून वाच. बोट उचलायचं नाही." वाचली.

पॅडला लागला. डाव्या पॅडला, गुडघ्याच्या खाली. बॅट तिथून वीतभर लांब होती.

मला तेव्हाच माहीत होतं. पंचाने गुडघ्याला हात लावलेला मी पळतानाच बघितला. संध्याकाळी फळ्यावर माझ्या नावापुढे एक लागला. मी वर बघितलं आणि खाली मान घातली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, तिसऱ्या दिवशी लोकांनी एक्का म्हणायला सुरुवात केली, आणि नंतर सांगायचं कसं? मग मीच सांगत सुटलो, कड लागली, मधोमध लागला. तीस वर्षं. माझ्यावर हसायचं तर यावर हसा.

पण त्या पेन्सिलवाल्याचा मला राग आलाय. तो मेला नसता तर जाऊन भेटलो असतो. 'असू दे बिचाऱ्याला.' मी काय त्याच्यापुढे हात पसरला होता? आणि मामीने तुला लिहिलं, तेही तिच्याकडून वदवून घेतलंय, की त्यांच्याकडे तेवढंच आहे. आणि तू म्हणतेस गाळून टाकू. तिघांनी मिळून माझी कीव करायची ठरवलीय वाटतं.

ऐक आता. माझं नाव गाळलंस तर या घरात पाऊल टाकू नकोस. (असं काही नाही, ये. — मामी) पहिल्या क्रमांकावर घाल. शून्य लिही, मोठ्या अक्षरात लिही. त्या फिरकीवाल्याला म्हणावं, सरक खाली.

पण धावेने तो सामना वाचला नव्हता. एक धाव निघाली काय आणि नाही निघाली काय, आम्ही तीनशेनी मागे होतो. वाचला तो मी उभा राहिलो म्हणून. दोन बरगड्यांवर घेतले, एक बोटावर घेतला. ते बोट आजही सरळ होत नाही. मी किती चेंडू खेळलो ते कुणी लिहिलंय का? तुमच्या पुस्तकात तो रकाना आहे का? नसेल तर हे असलं कसलं पुस्तक? वाईट कोण ते ठरवताय आणि तो तिथे किती वेळ उभा होता हे बघत नाही?

मोज. मग सही कर.

मामा


२० जुलै

तीर्थरूप मामा, मामी,

मोजले. पाहुण्यांच्या वहीत प्रत्येक चेंडूला टिंब आहे. त्या माणसाने लिहिलेलं वाक्य मलाही आवडलं नाही, पण टिंब त्याने एकही चुकवलेलं नाही. त्या डावात तुम्ही बावन्न चेंडू खेळलात. सगळ्या अकरा डावांचे मिळून चौऱ्याण्णव. मी तीनदा मोजले, एकदा मागून पुढे.

मग मी संपादकांकडे गेले. माझे हात इतके गार पडले होते की दाराची कडी गरम लागली. त्यांना सगळं सांगितलं. तुमचं खोटंसुद्धा. ते आनंदाने टेबलावर थाप मारत म्हणाले, "शून्य! बाई, तुम्ही पुस्तक वाचवलंत! आता लिहा, जगातला सगळ्यांत नालायक अकरावा."

मी म्हटलं, "सर, शून्य छापा. पण चेंडूंचा रकाना घातल्याशिवाय मी सही करणार नाही."

"कुणाच्या चेंडूंचा?"

"अकराही जणांच्या."

"अहो, हे विनोदी पुस्तक आहे! चेंडू बघितल्यावर लोक हसतील कसे?"

"हसतील सर. पूर्ण आकडा बघून हसतील."

त्यांनी ड्रॉवरच्या मुठीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "तुम्हाला कायम करायचा कागद या ड्रॉवरमध्ये आहे, माहीत आहे ना?"

मी म्हटलं, "हो सर." आणखी काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. ते मला जिना उतरताना सुचलं.

त्यांनी आठ दिवस दिले. अकरा जणांचे चेंडू शोधा, एकाचे जरी सापडले नाहीत तरी रकाना नाही. मी आठ दिवस वह्या उपसल्या. मामा, त्या लोकांबद्दल तुम्हाला सांगायलाच हवं. एक जण मनगटाला प्लास्टर असताना एका हाताने एकोणीस चेंडू खेळला. एक जण दर वेळी दहावा जाऊन, कप्तान टिकावा म्हणून स्वतःला धावबाद करून घ्यायचा. आकड्यांत तो फक्त 'बाद' दिसतो. आणि एक जण खरंच वाईट होता. त्याला वाचवायला मी खूप शोधलं, काहीच मिळालं नाही. स्टंपपासून लांब जाऊन उभा राहायचा. त्याचे चेंडू सव्वीस. तेही छापणार.

अकराव्याचे सापडले तेव्हा शेवटच्या दिवसाचे चार वाजले होते. संपादक म्हणाले, जागा नाही. तेव्हा छपाईचे काका तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत म्हणाले, "साहेब, ते चित्र दोन बोटं लहान केलं तर बसतो रकाना." चित्रात एक माणूस बॅट उलटी धरून पळतोय. ते लहान झालं.

पुस्तकाचं नाव मला बदलता आलं नाही. 'नालायक' शब्द गेला, पण बाकीची चेष्टा तशीच आहे. कायम करायचा कागद ड्रॉवरमध्येच आहे. पान पुढच्या महिन्यात छपाईला जाईल. सत्काराचं काय केलंत?

तुमची भाची


४ ऑगस्ट

पोरी,

सत्कार झाला. म्हणजे सुरू झाला आणि मग मी बोललो.

हार घातला, माइक हातात दिला. मी म्हटलं, "तुम्ही ज्यासाठी जमलात ती धाव माझी नव्हती. लेगबाय होता. माझ्या नावावर आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये शून्य धावा आहेत. मी तुम्हाला तीस वर्षं खोटं सांगितलं." मागे एक जण हसला. क्लबचा अध्यक्ष माइककडे हात पुढे करून म्हणतो, "बघा किती नम्र माणूस!" मी म्हटलं, "नम्र तुझा बाप. बस खाली."

(असंच म्हणाले. मला तोंड लपवायला जागा नव्हती. — मामी)

मग म्हटलं, "शून्य धावा आणि बावन्न चेंडू. ज्याला हसायचं त्याने आधी माझ्यासमोर दोन चेंडू उभं राहून दाखवावं. नेट मोकळं आहे." तेव्हा मास्तर उठला. त्याला आता काठी लागते. मला वाटलं चिडला. तो म्हणतो, "लेगबाय होता हे मला माहीत होतं. मी समोर उभा होतो. आंधळा नव्हतो."

मी म्हटलं, "मग तीस वर्षं बोलला का नाहीस?"

"तुझी धाव मोजत कोण होतं? मी तुझे चेंडू मोजत होतो. प्रत्येक चेंडूला वाटायचं, हा गेला. आणि तू बावन्न म्हणतोस ते चूक आहे. एक्कावन्न."

"बावन्न. माझ्या भाचीने मोजलेत."

"मी गणित शिकवलंय रे गाढवा. एक नो-बॉल होता, तो धरायचा नसतो."

"तो तुझा नो-बॉल माझ्या पायाच्या बोटावर येत होता! मी अडवला नसता तर बोट गेलं असतं. धरायचा नसतो म्हणे!"

लोक जेवून गेले तरी आम्ही भांडत होतो. तो उद्या परत यायचा आहे, भांडायला.

एक्का म्हणायचं सोडतील असं मामीला वाटत होतं. काहींनी सोडलं. रोलरवर हाक कमी झालीय, खोटं कशाला बोलू. पण काल चार पोरं पॅड बांधून आली आणि म्हणाली, बॅटिंग नको, उभं राहायला शिकवा. शिकवतोय.

आता ते नो-बॉलचं बघ. मास्तर बरोबर असेल तर एक्कावन्न छाप. धाव गेली, चेंडूही जाऊ दे. पण फुकट देणार नाही. आधी नियम काढ.

मामा


९ ऑगस्ट

तीर्थरूप मामा,

नियम काढला. दोन पुस्तकांत बघितला आणि एका निवृत्त पंचांना फोन करून विचारला. ते जेवत होते, रागावले, पण त्यांनी सांगितलं.

वाइड खेळणाऱ्याच्या चेंडूंत धरत नाहीत. नो-बॉल षटकात धरत नाहीत, बहुतेक त्यामुळेच मास्तरांचा गोंधळ झाला. पण खेळणाऱ्याच्या चेंडूंत तो धरतात. वहीत तो आहे. टिंबाभोवती गोल केलाय. सत्तेचाळिसावा.

त्या चेंडूवर त्रिफळा उडाला असता तरी तुम्ही बाद नव्हतात. पंच ओरडले होते, सोडून दिला असता तरी चाललं असतं. तुम्ही अडवलात. मास्तरांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा, बावन्न.

पान आज छपाईला गेलं.

तुमची भाची